थायलंड: नॉन-बी वरून निवृत्तीच्या मुक्कामावर, देश न सोडता?

सुखुमवितकर
बँकॉकमध्ये नॉन-बी (नोकरीच्या व्हिसा) वर राहतो, वर्क परमिट कंपनीचं. नोकरीचा शेवटचा दिवस ३१ ऑक्टोबर. पासपोर्टवरचा मुक्काम (राहण्याच्या परवानगीचा शिक्का) मात्र पुढच्या मार्चपर्यंतचा आहे. वय ५३, पत्नी ४७ वर्षांची, ती डिपेंडंट म्हणून. भारतात परत न जाता इथेच रिटायरमेंट व्हिसा करता येतो का? त्यासाठी बँकेत ठेवायचे ८ लाख बाट कधी भरायचे? एजंट म्हणतो आरोग्यविमा सक्तीचा आहे, ते खरं का?

कागदोपत्री
मार्चचा शिक्का विसरा. नोकरीच्या कारणावर मिळालेला मुक्काम नोकरीबरोबरच संपतो. कंपनीच्या पत्रात शेवटचा दिवस ३१ ऑक्टोबर असेल तर १ नोव्हेंबरपासून ओव्हरस्टे (परवानगी संपल्यावरचं राहणं), रोजचा दंड ५०० बाट. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, कारण पासपोर्ट उघडला की समोर मार्च दिसतो.

आपण ज्याला रिटायरमेंट व्हिसा म्हणतो ती तुमच्या बाबतीत एक वर्षाची मुदतवाढ असेल, फक्त कारण बदलून. फॉर्म टीएम.७, फी १,९०० बाट, अर्जाच्या दिवशी वय ५० पूर्ण हवं. देश सोडावा लागत नाही, पण जुना मुक्काम रद्द करणं आणि नवा अर्ज हे एकाच दिवशी, एकाच खेपेत व्हायला हवं. ही पद्धत कार्यालयागणिक थोडी बदलते, म्हणून चेंग वत्तनाला (बँकॉकच्या इमिग्रेशन कार्यालयात) महिनाभर आधी पासपोर्ट घेऊन जा आणि खिडकीवरच विचारा. कंपनीच्या एचआरलाही बजावून ठेवा: त्यांनी परस्पर आधीच मुक्काम रद्द करून टाकला की तुमच्या हातात काही उरत नाही. तसं झालंच तर ७ दिवसांची मुदत मागता येते, त्यालाही १,९०० बाट. ती बाहेर पडायला पुरते, नवीन मांडामांड करायला नाही.

आता पैसे. ८ लाख बाट थाई बँकेत, तुमच्या एकट्याच्या नावावर, अर्जाच्या दिवसाआधी पूर्ण दोन महिने. म्हणजे ऑगस्टअखेर ही शेवटची तारीख. मी तरी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भरायला सांगेन. मंजुरीनंतर तीन महिने रक्कम तशीच राहायला हवी, नंतर ४ लाखांच्या खाली जायची नाही, आणि पुढच्या अर्जाआधी दोन महिने पुन्हा ८ लाख. हिशेब केलात तर वर्षातले सातच महिने अर्धी रक्कम मोकळी राहते. बरेच जण त्या भानगडीत पडतच नाहीत, मुदत ठेवीत टाकून विसरतात. मुदत ठेव चालते, म्युच्युअल फंड चालत नाही.

चहाबाज
पगाराच्या खात्यात ही रक्कम ठेवू नका. कार्डाची वार्षिक फी कापली जाते आणि पासबुकात ७,९९,७०० दिसतात. ३०० बाटांपायी अर्ज परत येतो. वेगळं खातं, कार्ड नाही, वर पाच-दहा हजार जास्तीचे. पत्नीबरोबरचं संयुक्त खातं असेल तर निम्मीच रक्कम तुमची धरतात.

अर्जाच्या दिवशी सकाळी शाखेत जाऊन आधी १०० बाट भरा, पासबुक छापून घ्या आणि मग बँकेचं पत्र घ्या. पत्रातला आकडा आणि पासबुकातली शेवटची ओळ जुळली पाहिजे. भरणा केला नाही तर ताज्या तारखेची ओळच उमटत नाही.

बाकी, एवढी धावपळ करण्यापेक्षा बाहेर जाऊन पर्यटक म्हणून परत या आणि इथे बदलून घ्या. तेही चालतं.

कागदोपत्री
@चहाबाज, चालतं, पण सुटसुटीत नाही. त्या मार्गाने आधी ९० दिवसांचा नॉन-ओ (नोकरीखेरीजच्या कारणांचा व्हिसा) घ्यावा लागतो: पर्यटक व्हिसावर असाल तर टीएम.८६, विनाव्हिसा आला असाल तर टीएम.८७, फी २,००० बाट. मुक्कामाचे किमान १५ दिवस शिल्लक हवेत. शिवाय पैसे परदेशातून आल्याचा पुरावा मागतात, त्यामुळे इथल्या पगारातली बचत असेल तर अडचण. मग त्या ९० दिवसांच्या शेवटच्या ३० दिवसांत वर्षाची मुदतवाढ. एका अर्जाचे दोन अर्ज. पहिला मार्ग फसला तरच हा.

विम्याबद्दल: तो ओ-ए या निवृत्तांच्या व्हिसाला सक्तीचा आहे, जो थायलंडबाहेरून काढतात. नॉन-बी वरून केलेल्या बदलाला लागत नाही. एजंट एक तर दोन्हींची गल्लत करतोय किंवा पॉलिसी विकतोय. विमा जरूर घ्या, पण रुग्णालयाच्या बिलांसाठी, शिक्क्यासाठी नाही.

सुखुमवितकर
आणि पत्नीचं? तिचे वेगळे ८ लाख लागतील का?

दस्तऐवज
नाही. ५० च्या आतली असली तरी तुमच्या मुदतवाढीवर डिपेंडंट राहते. पण तिचा आजचा मुक्काम तुमच्या नोकरीला टांगलेला आहे, तोही ३१ ऑक्टोबरलाच संपतो. दोघांनी एकाच दिवशी जा. आधी तुमचा अर्ज, मागोमाग तिचा. विवाह प्रमाणपत्र बँकॉकच्या भारतीय दूतावासाकडून प्रमाणित, त्याचं थाई भाषांतर आणि त्यावर थाई परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. हे तीन टप्पे आत्ताच सुरू करा, शेवटच्या आठवड्यात उरकत नाहीत. नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी ताडून बघा. लग्नाआधीचं नाव असेल तर खिडकीवर हमखास अडकतं.

पत्त्यासाठी घरमालकाची टीएम.३० नोंद (परदेशी माणूस आपल्याकडे राहतो अशी इमिग्रेशनला दिलेली सूचना) आहे का तेही पाहा. ती नसेल तर बाकी सगळं बरोबर असूनही परत पाठवतात.

मंजुरीनंतर देशाबाहेर जायचं असेल तर आधी री-एन्ट्री परमिट (मुक्काम न गमावता परत येण्याची परवानगी): टीएम.८, एकदाच जायचं असेल तर १,००० बाट, अनेकदा असेल तर ३,८००. जुनं परमिट जुन्या मुक्कामाबरोबर गेलेलं असतं. ते न घेता विमानात बसलात तर वर्षाची मुदतवाढ रद्द, मागे नुसते बँकेतले ८ लाख. दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायची हजेरी (टीएम.४७) पूर्वीसारखीच: तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत.