ठिणगीला वाट न देणारे घर

वणव्यानंतर घर पुन्हा बांधताना ऊर्जाबचत आणि अग्निसुरक्षा यांपैकी एकच साधता येते, हे मत मला पटत नाही. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात हजारो घरे जळाली. अशा वणव्यांत पुष्कळ घरे थेट ज्वाळांनी नव्हे, तर वाऱ्यासोबत उडालेले निखारे छताखालच्या झरोक्यांतून आत शिरल्याने किंवा भिंतीलगतच्या पाचोळ्यावर पडल्याने पेटतात. त्यामुळे फटी बुजवलेली बांधणी आणि टफन्ड (तापवून कडक केलेल्या) काचेच्या दुहेरी खिडक्या वीजही वाचवतात व निखाराही अडवतात. मात्र उष्णतारोधक थर थर्मोकोलचा नसावा, न जळणाऱ्या रॉकवूलचा, म्हणजे दगड वितळवून केलेल्या तंतूंचा असावा. माझ्या मते खरी मेख इथेच आहे.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा असा थर आपल्यालाही हवाच आहे. मेळघाट किंवा पेंचलगतच्या गावांत, जिथे उन्हाळ्यात सागाचा पाचोळा पेटतो, तिथे कवेलूंच्या फटींतून ठिणगी थेट लाकडी वाशांपर्यंत पोहोचू शकते. तिथे निदान कवेलूंच्या कडा मातीने लिंपाव्यात, झरोक्यांना तीन मिलिमीटरची धातूची जाळी बसवावी आणि सरपणाचा ढीग भिंतीपासून दूर हलवावा.