मदत हवी आहे: दुसरं ॲप उघडलं की पहिल्यातलं लॉगिन जातं

मंडळी, नमस्कार. हिंजवडीत जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करतो. एका पतसंस्थेसाठी आमची दोन स्प्रिंग बूट (जावात वेब ॲप्स बनवायची चौकट) ॲप्स आहेत, एक कर्ज-अर्जांचं आणि एक सभासदांच्या खात्यांचं. टेस्टला दोन्ही एकाच आयपीवर, पोर्ट ८०८० आणि ८०८१.

कर्जाचा अर्ज भरताना मध्येच सभासदाची शिल्लक बघायला दुसऱ्या टॅबमध्ये खात्यांचं ॲप उघडलं, लॉगिन केलं, परत येऊन 'जतन करा' दाबलं की थेट लॉगिनचं पान. भरलेलं सगळं गेलं. तपासणीला शाखेतल्या एक ताई येतात, जामीनदारांची माहिती त्यांना पुन्हा पहिल्यापासून भरावी लागते. मला ते बघवत नाही.

टाइमआउट ३० मिनिटांचा आहे, लॉगमध्ये एकही एरर नाही. क्रोमच्या नेटवर्क टॅबमध्ये दिसतं ते असं: दुसरं ॲप उघडताच सर्व्हरच्या सेट-कुकी हेडरमधून नवा जेसेशनआयडी (लॉगिन ओळखण्यासाठी ब्राउझरमध्ये ठेवलेली कुकी) येतो, पाथ नुसता '/', आणि जुना आयडी गायब. लाइव्हवर ॲप्स वेगवेगळ्या सबडोमेनवर आहेत, तिथे कोड तोच असून काही होत नाही. नेमकं कुठे बघू?

प्रतिसाद:
गोम पोर्टमध्ये आहे. पोर्ट वेगळा म्हणून ब्राउझर कुकी वेगळी धरत नाही, कुकींचं प्रमाणित मानक असलेल्या आरएफसी ६२६५ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. नाव, डोमेन आणि पाथ सारखे असले की नवी कुकी जुनीच्या जागी बसते. तुमचं जुनं सेशन, म्हणजे लॉगिनची नोंद, सर्व्हरच्या मेमरीत शाबूत आहे, त्याची चावी तेवढी ब्राउझरकडून गेली. लाइव्हवर होस्टचं नावच वेगळं, म्हणून तिथे निभावतंय. दोन्ही ॲप्सच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये 'सर्व्हर.सर्व्हलेट.सेशन.कुकी.नेम' ला वेगवेगळी नावं द्या.

धागाकर्ता:
नावं बदलली, लॉगिन टिकतंय! मनापासून आभार. आता एक पुढचा प्रश्न. पतसंस्थेला एकदाच लॉगिन हवंय. दोन्ही ॲप्सच्या वॉर फाइल्स (ॲपची पॅकेजेस) एकाच टॉमकॅट सर्व्हरमध्ये टाकून सेशनकुकीपाथ (कुकी कोणत्या पाथला लागू ते ठरवणारी सेटिंग) '/' ठेवला तर जमेल का?

प्रतिसाद:
नाही जमणार, आणि त्या वाटेला जाऊच नका. सर्व्हलेटच्या (जावा वेब ॲप्सच्या मानकाच्या) नियमानुसार एचटीटीपीसेशन, म्हणजे सर्व्हरवरचं सेशन, एकाच ॲपपुरतं असतं. आयडी सारखा दिसला तरी एकात ठेवलेला युजर दुसऱ्याला मिळत नाही. शिवाय सेशन फिक्सेशन (आधीच माहीत असलेला आयडी वापरून दुसऱ्याच्या लॉगिनमध्ये घुसणं) टाळायला स्प्रिंग सिक्युरिटी लॉगिननंतर आयडी बदलते, म्हणजे दुसऱ्या ॲपचं सेशन पुन्हा तुटणार. कीक्लोक (लॉगिन सांभाळणारा वेगळा सर्व्हर) उभं करून ओपनआयडी कनेक्ट या लॉगिनच्या प्रमाणित पद्धतीने दोन्ही ॲप्स जोडा. स्प्रिंग सेशन वापरून दोन्हींचं सेशन रेडिस या सामायिक डेटासाठ्यात ठेवूनही होतं, पण मग सेशनमध्ये ठेवलेले क्लास दोन्हीकडे जुळते ठेवावे लागतात. एका ॲपचं रिलीज पुढे गेलं की डीसिरियलायझेशनचे (साठवलेला डेटा परत वाचतानाचे) एरर सुरू. दोन टीम असतील तर मी कीक्लोकच घेईन. आणि लॉगिनचं काहीही ठरो, अर्जाचा मसुदा प्रत्येक पायरीला डेटाबेसमध्ये जतन करा. टाइमआउट झाला तरी भरलेलं जायला नको.