बेंबेम देवीचं करिअर म्हणजे नेमकं काय होतं? पोट कशावर चाललं?

रंकाळ्याचा_राजू
नमस्कार मंडळी. पोरगी आठवीत आहे, तीन वर्षं झाली पोरांच्यात फुटबॉल खेळते. आम्ही कोल्हापूरचे, त्यामुळं घरात फुटबॉल काय नवीन नाही, मी स्वतः शाहू स्टेडियमवर तालमींच्या (म्हणजे पेठांच्या फुटबॉल टीमच्या) मॅच बघतच मोठा झालो, पण पोरगी खेळणार म्हटल्यावर आमच्या मातोश्रींचा रोजचा पट्टा सुरू, गुडघा फुटला तर पुढं कोण करून घेणार हिला वगैरे. तर विषय असा की शाळेतल्या सरांनी तिला मणिपूरच्या फुटबॉलपटू बेंबेम देवीबद्दल सांगितलं आणि तेव्हापासून घरात दुसरं नाव नाही. मी नेटवर बघितलं तर सगळीकडं तेच, पंधराव्या वर्षी भारताकडून खेळली, अर्जुन २०१७ ला, पद्मश्री २०२० ला. चांगलंच आहे ओ, पण माझा प्रश्न साधा आहे. एकवीस वर्षं ही बाई खेळली ती कशाच्या जिवावर? पगार कोण द्यायचं? आणि आज माझ्या पोरीनं तोच रस्ता धरला तर शेवटी हातात काय येतं? कुणाला खरोखर माहीत असेल तर लिहा, नुसतं "मुलींना खेळू द्या" लिहू नका, ती खेळतेच आहे.

इंफाळ_तीन_वर्षं
राजूभाऊ, बँकेच्या नोकरीत तीन वर्षं इंफाळला काढलीत म्हणून लिहितो. सरळ उत्तर म्हणजे मणिपूर पोलीस. तिची नोकरी तिथली, पुढे भारताची स्ट्रायकर बाला देवीसुद्धा मणिपूर पोलिसातच. म्हणजे फुटबॉलने नोकरी दिली आणि नोकरीने फुटबॉल चालू ठेवलं. क्लबच्या पगारावर जगायचं म्हटलं तर क्लबांची देशपातळीवरची लीगच नव्हती ना. बेंबेमने भारताची जर्सी उतरवली फेब्रुवारी २०१६ ला, शिलाँगच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत फायनलला नेपाळला ४-० हरवून, आणि बायकांची इंडियन विमेन्स लीग सुरू झाली त्याच्या पुढच्या सीझनला, २०१६-१७ ला! म्हणजे अख्खं इंटरनॅशनल करिअर संपल्यावर लीग आली. तरी ती पहिलीच लीग जिंकली इंफाळच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने आणि त्या टीमची सूत्रं बेंबेमकडेच होती, हे मला फार आवडतं.

आता तिकडचं वातावरण सांगतो, कारण ते समजल्याशिवाय ही बाई कळत नाही. तिकडे वस्तीला लैकाय म्हणतात, आणि लैकायला क्लब हवाच, आपल्याकडे पेठेला तालीम असते तसं. संध्याकाळी चार वाजले की मैदान भरलेलं (तिकडे अंधारही लवकर पडतो, हिवाळ्यात पाचला दिवे लागतात, मला सवय व्हायला सहा महिने गेले). लहानपणी ही पोरांच्यातच खेळायची आणि टीममध्ये घ्यावं म्हणून मुलाचं नाव सांगायची. तुमच्या पोरीला हे सांगा, खूश होईल. मग १९९५ ला मलेशियात आशियाई स्पर्धेत ग्वामविरुद्ध भारताकडून पहिली मॅच, वय पंधरा. मिडफिल्डची खेळाडू, म्हणजे गोल दुसऱ्याच्या नावावर आणि पळापळ हिची.

कर्वेरोड_लेफ्टबॅक
मी युनिव्हर्सिटीपर्यंत खेळलेय, त्यामुळे थोडं कडू लिहिते. लोक एकवीस वर्षं एकवीस वर्षं म्हणतात पण त्या वर्षांत मॅच किती होत्या ते कोणी बघत नाही. २००९ मध्ये भारताच्या बायकांची टीम फिफाच्या रँकिंगमधूनच काढून टाकली होती, कारण काय तर दीड वर्ष एकही इंटरनॅशनल मॅच खेळली नव्हती. हरलो म्हणून नाही हो, खेळलोच नाही म्हणून. तेव्हा बेंबेम एकोणतीस वर्षांची, मिडफिल्डरची ऐन उमेदीची वर्षं, आणि ती सरावच करतेय, कशासाठी ते माहीत नसताना. कॅनडाची क्रिस्टीन सिंक्लेअर तिच्याच पिढीतली, तिच्या नावावर ३३१ मॅच आणि १९० गोल, पुरुष धरूनसुद्धा इंटरनॅशनलमध्ये इतके गोल कोणाचे नाहीत. ती ग्रेट आहेच, पण देशाने तिला खेळायला मॅच तरी दिल्या. बेंबेमला फेडरेशनचा वर्षातली सर्वोत्तम खेळाडू हा मान मिळाला २००१ ला आणि परत मिळाला २०१३ ला. मधली बारा वर्षं ही बाई त्याच लेव्हलला राहिली कशी, मला तर याचंच जास्त आश्चर्य वाटतं, पद्मश्रीचं नाही.

आमचं सांगायचं तर एका स्पर्धेला रिझर्वेशनच केलं नव्हतं कोणी, अठरा मुली आणि बॉलची जाळी घेऊन दोन रात्री डब्याच्या दाराशी बसून गेलो आणि उतरल्यावर त्याच दुपारी मॅच. ४-० हरलो. नंतर विचारलं गेलं की फिटनेस का नाही. असो.

ऑफसाइड_होता
ताई रडगाणं खरं आहे पण ते जुनं झालं आता. राजूदादांची मुलगी तेरा-चौदाची आहे, तिला १९९५ चं नाही २०२५ चं सांगा की. बाला देवी जानेवारी २०२० ला स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबकडे गेली, प्रोफेशनल करारावर. मनीषा कल्याण, पंजाबातल्या होशियारपूरकडची पोरगी, सायप्रसच्या क्लबकडून २०२२ ला चॅम्पियन्स लीग खेळली, आणि त्याआधी २०२१ ला मनाउसमध्ये ब्राझीलला गोल मारलेला, तोपण त्यांच्या दिग्गज फॉर्मिगाच्या निरोपाच्या मॅचमध्ये! (६-१ हरलो, ते सोडा.) आणि जुलै २०२५ ला चियांग माईमध्ये थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवून आपण २०२६ च्या आशिया कपला पात्र झालो, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. क्वालिफायर खेळून पात्र व्हायची ही पहिलीच वेळ. आणि कोल्हापूरचीच टीम विमेन्स लीग खेळून आलीय, एफसी कोल्हापूर सिटी, मुंबईची केंक्रे पण. दादा तुम्हालाच माहीत नाही का हे??

कर्वेरोड_लेफ्टबॅक
@ऑफसाइड_होता जुनं झालं म्हणतोस तर जानेवारी २०२२ आठव. आशिया कप आपल्या दारात, नवी मुंबईत, इराणशी ०-० झाली आणि पुढच्या मॅचला टीममध्ये कोरोना शिरल्यामुळे तेरा खेळाडू उभे करता आले नाहीत, स्पर्धेतूनच बाहेर. त्या मुलींना घरच्या मैदानावर ती संधी परत कधी मिळणार? मी तर सुट्टी टाकून ठेवली होती. बाकी बाला-मनीषाचं मान्य, पण त्या किती जणी, बोटावर मोजण्याइतक्या. संगीतासुद्धा सशस्त्र सीमा बलात आहे, म्हणजे परत वर्दीच. बेंबेमचं गणित अजून मोडलेलं नाही, फक्त त्याला वर एक मजला चढलाय.

इंफाळ_तीन_वर्षं
वरचा मजला बरोबर बोललात ताई. राजूभाऊ, एक राहिलं. बेंबेम पण बाहेर खेळून आलीय, २०१४ ला मालदीवला, न्यू रेडियंट क्लबकडून. तेव्हा ती चौतीस वर्षांची. म्हणजे जे आजच्या पोरींना विशीत मिळतं ते तिला चौतिशीत मिळालं, तेही थोडक्यासाठीच. आणि बायकांची सीनियर नॅशनल्स, म्हणजे राज्यांच्या टीमची स्पर्धा, सगळ्यात जास्त वेळा मणिपूरनेच जिंकलीय, त्या ट्रॉफीला आता राजमाता जिजाबाईंचं नाव आहे. जिजाऊंच्या नावाची ट्रॉफी इंफाळात, आणि आपण इकडे गुडघ्याचं काय होईल विचारतोय 😀

रंकाळ्याचा_राजू
ताई, दादा, साहेब, सगळ्यांचे आभार. @ऑफसाइड_होता भावा, एफसी कोल्हापूर सिटी नाव ऐकून होतो पण पोरींची टीम आहे हे खरंच डोक्यात नव्हतं, लाज वाटली. आमच्या पेठेच्या तालमीत पोरींची टीम नाही, मी कधी विचारलंही नाही, डोक्यातच आलं नाही. साहेबांची लैकायची गोष्ट वाचून ते लई लागलं.

जे समजलं ते असं, की क्लबच्या पगाराच्या आशेवर आत्ताच बसायचं नाही, शिक्षण चालू ठेवायचं आणि खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाची कागदपत्रं आत्तापासून नीट ठेवायची, कुठली स्पर्धा त्यात धरतात ते क्रीडा अधिकारी ऑफिसात सोमवारी जाऊन विचारतो. सर्टिफिकिटं सध्या पिठाच्या डब्यावर ठेवलेली असतात, फाईल करतो.

रात्री जेवताना मुलाचं नाव सांगून खेळायची ते पोरीला सांगितलं. तर म्हणाली, बाबा मला पण ग्राऊंडवर सगळे 'बंड्या' म्हणतात. तीन वर्षं झाली म्हणे. मातोश्रींचा घास तोंडातच राहिला.

कर्वेरोड_लेफ्टबॅक
बंड्याला शूज चांगले घेऊन द्या, एक नंबर मोठे नकोत, पायाला बसतील असे. आणि पोझिशन कुठली खेळते ते लिहिलंच नाहीत.

रंकाळ्याचा_राजू
मिडफिल्ड ओ. गोल दुसऱ्याच्या नावावर.