मदत हवी आहे: डीटीपीसाठी नवा डेस्कटॉप – विंडोज, मॅक की लिनक्स? (पुणे, बजेट ७० हजार)

जुळारी_नारायणपेठ

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, आधीच माफी मागतो.

नारायण पेठेत आमचं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावून द्यायचं, छोटं दुकान आहे. वडील छापखान्याचे शिशाचे खिळे जुळवायचे, मी १९९८ पासून माऊस हलवतोय. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, पीएच.डी.चे प्रबंध, दोन छोट्या प्रकाशकांची पुस्तकं आणि जूनपासून दिवाळी अंक. मी आणि मदतीला एक ताई, दोघांची दोन यंत्रं. मुख्य यंत्र २०१७ सालचं: आय-फाइव्ह, सातवी पिढी, ८ जीबी रॅम, विंडोज १०. खरं सांगायचं तर त्याच्याबद्दल काडीची तक्रार नाही. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट थांबले आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीच्या खालचा प्रोसेसर चालत नाही. एका पिढीने हुकलं. आमच्याकडे दिवसाला दहा गिऱ्हाइकं येऊन पेन ड्राइव्ह खुपसतात, त्यामुळे 'चालतंय ना, चालू द्या' म्हणायला धीर होत नाही.

तीन माणसांना विचारलं, तीन उत्तरं मिळाली.

टिळक रोडवरचा दुकानदार म्हणाला, असेंबल्ड घ्या. १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ३८,५०० ला डबा, 'विंडोज त्यातच टाकून देतो'. बिलाचं विचारलं तर म्हणाला, 'पक्कं हवंय का?' तिथेच सगळं कळलं. रीतसर विंडोज घेतलं तर वर आणखी दहा हजारांच्या घरात.

भाचा हिंजवडीत आहे. तो म्हणतो, मामा, मॅक मिनी घे, एम-फोरवाला, ५९,९०० ला १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी. मॉनिटर जुनाच लागेल. डबा तळहाताएवढा. मला तो बघून उगाच खिळे ठेवायच्या केसची, म्हणजे पेटीची, आठवण झाली, तो एक केस उचलायला दोन माणसं लागायची.

तिसरा म्हणजे प्रोजेक्ट रिपोर्ट बांधायला आलेला इंजिनिअरिंगचा पोरगा. 'काका, विंडोजऐवजी लिनक्स टाका, फुकट आहे.' तो रिपोर्टचे पैसेही जरा फुकटातच द्यायला बघत होता, पण ते असो.

आता माझा प्रश्न. जास्त लोक काय वापरतात हे मला फॅशनसाठी नकोय. रात्री अकराला फाइल अडली आणि सकाळी सातला प्रेसवर प्लेट निघायची असेल, तर फोन कोणाला करायचा? ज्याच्यावर चार शेजारी काम करतात ते यंत्र मला स्वस्त पडतं, असा माझा आजवरचा हिशेब. तो अजून खरा आहे का?

आणि खरी गोम ही की वीस वर्षांच्या फाइली जुन्या लिपी सॉफ्टवेअरमध्ये आहेत, युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतांच्या) आधीच्या. ते सॉफ्टवेअर यूएसबी डोंगल, म्हणजे कुलपाच्या किल्लीसारखी चिमुकली कांडी, लावल्याशिवाय उघडत नाही. काही पुस्तकं तर पेजमेकर ७ या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. वर्षातून चार-पाचदा कोणीतरी येतंच, 'दुसरी आवृत्ती काढायचीय, तुमच्याकडे फाइल असेलच ना?' नाही म्हणता येत नाही, कारण पहिल्या आवृत्तीवर अक्षरजुळणी म्हणून आमचंच नाव आहे.

टक्स_कर्वेनगर

तो पोरगा मी नव्हे, पण बोलला ते बरोबर आहे. तुमच्या २०१७ च्या यंत्रावर लिनक्स मिंट आरामात पळेल. नवा डबा घ्यायचीच गरज नाही, खर्च शून्य. लोकप्रियतेचं म्हणाल तर कोण काय वापरतं ते मोजणाऱ्या स्टॅटकाउंटरच्या आकड्यांत फेब्रुवारी २०२४ मध्ये जगातल्या डेस्कटॉपांमध्ये लिनक्स ४ टक्क्यांवर पोचलं, आणि भारतातला वाटा तेव्हा त्याच्या कितीतरी पुढे होता. पुण्यात लिनक्सवाल्यांचा जुना गट आहे, रात्री अकराला मदत करणारी माणसं तिथे नक्की मिळतील. पानं लावायला स्क्रायबस आहे. १.६ पासून स्थिर आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरं नीट बसतात.

अनुस्वार

टक्स, आकडा बरोबर, अर्थ गंडलाय. स्टॅटकाउंटर यंत्रं मोजत नाही, वेबसाइटवर उघडलेली पानं मोजतो. दिवसभर ब्राउझरमध्ये बसणाऱ्याची शंभर मतं आणि दिवसभर कोरलमध्ये (चित्रं-डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) बसणाऱ्याचं एकही नाही. जुळारींचं दुसरं यंत्र नेटला जोडलेलं नसेल तर ते जगात अस्तित्वातच नाही. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासची निम्मी डीटीपी यंत्रं या खानेसुमारीत नसतील. तरी विंडोज शंभरात सत्तरीच्या आसपास आहे हे मान्य, पण त्यावरून तुम्ही काय घ्यावं हे ठरत नाही.

मी पुस्तकांची मांडणी करते, सहा वर्षं मॅकवर आहे. मॅक छान आहे, गरम होत नाही, आवाज नाही. पण जुळारीकाका, तुमच्या डोंगलला तो अडणार. मॅक मिनीला आता जुनी चौकोनी यूएसबी खाच नाहीच, पुढेमागे सगळी टाइप-सी, म्हणजे आधी हब आला. ते फुटकळ. खरी अडचण पुढे आहे. मॅकवर विंडोज चालवायचं तर पॅरलल्ससारखं सॉफ्टवेअर घ्यायचं, आणि त्यात चालतं ते एआरएम, म्हणजे इंटेलहून वेगळ्या जातीच्या, प्रोसेसरसाठीचं विंडोज. जुने प्रोग्राम त्यात बरेचसे चालून जातात, कारण त्यांचं भाषांतर होतं. ड्रायव्हरचं, म्हणजे जोडलेली वस्तू विंडोजला ओळखवून देणाऱ्या सॉफ्टवेअरचं, भाषांतर होत नाही. डोंगलचा ड्रायव्हर इंटेलच्या काळातला असेल तर तो बसणार नाही, आणि डोंगल दिसला नाही की तुमची लिपी उघडणार नाही. साठ हजार मोजून जुन्या फाइली बंद.

दुसरं, फ्लेक्सवाले तुमच्याकडे कोरलची फाइल मागतात ना? कोरल मॅकवर २०१९ पासून परत मिळतंय, पण आपल्याकडे सगळी देवाणघेवाण विंडोजवरच्या जुन्या आवृत्त्यांत चालते.

लिनक्सबद्दल एवढंच, अडोबीचं काहीही त्यावर नाही. प्रकाशकाने अडोबीच्या इनडिझाइनमध्ये लावलेल्या पानांची फाइल पाठवली की संपलं. स्क्रायबस वाईट नाही, पण ताईंना सगळे शॉर्टकट नव्याने शिकवायचे तर एका दिवाळी अंकाचा वेळ गेला.

जुनाजाणता_शनिवार

गंमत अशी की हा धंदा सुरू झाला तो मॅकवर. पेजमेकर १९८५ मध्ये आलं ते मॅकसाठी, त्याच वर्षी ॲपलचा लेझर प्रिंटर आला आणि डेस्कटॉप पब्लिशिंग हा शब्द रुजला. मग आपल्याकडे पेठेपेठेत पीसी का? मला विचाराल तर दोन कारणं. मॅक परवडायचा नाही, आणि पीसी कोणीही जुळवून द्यायचा, बिघडला तर कोपऱ्यावर दुरुस्त व्हायचा. दुसरं म्हणजे मराठीची सोय पीसीवर झाली. सीडॅक ही सरकारी संगणक संस्था इथलीच, १९८८ ची. त्यांचं जिस्ट कार्ड पीसीच्या डब्यात बसवलं की काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची. मी एका कचेरीत पहिल्यांदा 'श्रीगणेशाय नमः' असं उमटलेलं पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता. तेव्हा जे रुळलं तेच आजवर चालू आहे. जुळारी म्हणतात ते शेजाऱ्यांचं गणित तेव्हाही हेच होतं.

हिशेबनीस

जीएसटी नंबर आहे का? साध्या योजनेत की कंपोझिशनमध्ये (ठोक दराच्या कर योजनेत)? सगळा फरक तिथे पडतो.

जुळारी_नारायणपेठ

आहे, साध्या योजनेत. एका प्रकाशकाने नंबराशिवाय बिल घ्यायचं नाकारलं म्हणून काढावा लागला.

हिशेबनीस

मग कच्च्या बिलाचा विचारच सोडा. मॅकच्या ५९,९०० मध्ये १८ टक्के कर धरलेला आहे. तो वजा केला की ५०,७६३ उरतात, ९,१३७ तुम्हाला क्रेडिट मिळतं, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होतात (सगळं काम करपात्र असेल तर. नुसती छापील पुस्तकं विकत असाल तर हे गणित बदलेल). असेंबल्डची ३८,५०० ही कच्च्या बिलाची किंमत. पक्कं बिल, विंडोजची रीतसर लायसन्स, सगळं धरून साधारण ५५ हजारांपर्यंत जाईल, रॅमचे भाव चढलेत म्हणून आणखी थोडं वर. क्रेडिट वजा जाता ४६-४७ हजार. म्हणजे तुम्हाला जो वीस हजारांचा फरक वाटत होता तो चार हजारांवर आला. शिवाय संगणकावर आणि सॉफ्टवेअरवर आयकरात ४० टक्के घसारा मिळतो, तिन्ही पर्यायांत सारखाच. तेव्हा किमतीवरून भांडण मिटवा, कामावरून ठरवा.

विजेचंही बघा. मॅक मिनी रिकामा असताना ४ वॅट खातो, भरपूर काम दिलं तरी ६५ च्या वर जात नाही. गुरुवारी वीज गेली तर छोट्या यूपीएसवर तासभर निघेल.

टक्स_कर्वेनगर

अनुस्वारताई, मत मोजण्याचं मान्य. पण डोंगलचा मुद्दा उलटा माझ्याच बाजूचा आहे की! इंटेल किंवा एएमडीच्या डब्यावर लिनक्स ठेवा, त्यात व्हर्च्युअल मशीन (यंत्राच्या पोटात सॉफ्टवेअरचं दुसरं यंत्र) करून जुनं विंडोज टाका, यूएसबी डोंगल थेट आत देता येतो. प्रोसेसर तोच असल्याने जुना ड्रायव्हर तसाच बसतो. आणि आतल्या विंडोजला नेट द्यायचंच नाही.

अनुस्वार

हे मात्र खरं आहे. मागे घेते.

तरी काका, नवं यंत्र कुठलंही घ्या, नवं काम युनिकोडमध्येच करा. आणि फॉन्ट घेण्याआधी हे शब्द टाकून बघा: 'दऱ्या', 'ऱ्हस्व', 'सुऱ्या', मग 'लाल शाल'. काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात, आणि मुद्रितशोधक आजोबा लाल शाईने पान भरवून पाठवतात. बऱ्याच चांगल्या फॉन्टांत मराठी वळण आत असतं, पण परिच्छेदाची भाषा 'मराठी' निवडली तरच बाहेर येतं. यशोमुद्रा बघा, राज्य मराठी विकास संस्थेने काढलाय, पैसे पडत नाहीत.

घाईत_आहे

एक सोपा उपाय कोणीच सांगितला नाही. विंडोज १० ला एक वर्ष वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर. वर्षभर निवांत बसा.

जुळारी_नारायणपेठ

घाईत_आहे, ते चालू केलं, आभार. पण यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे १३ ऑक्टोबर म्हणजे ऐन अंक प्रेसवर जायचे दिवस. त्या आठवड्यात मी यंत्र बदलायला बसलो तर संपादक दुकानातच मुक्काम टाकतील. मेअखेरीस निकाल लावायलाच हवा.

काल भाच्याच्या मित्राच्या मॅकवर डोंगल लावून पाहिला. अनुस्वारताई म्हणाल्या तसंच झालं. हब लावला, दिवा लागला, लिपी काही उघडली नाही. भाचा दोन तास खटपट करत होता, शेवटी म्हणाला, 'मामा, या फाइली टाकूनच दे ना.' त्याला काय, त्याचं नाव कुठल्या पुस्तकावर नाही.

हिशेबनीसांच्या चार हजारांवर रात्रभर विचार केला. मॅकचा मोह खरंच झाला होता. पण दुकानातल्या ताईंचा हात विंडोजवर बसलाय, फ्लेक्सवाला कोरल मागतो, आणि पलीकडच्या गल्लीतला मित्र रात्री अकराला फोन उचलतो तो विंडोजवरच काम करतो. तेव्हा मुख्य यंत्र असेंबल्ड, विंडोज ११, पक्कं बिल. दुकानदाराने 'पक्कं' ऐकून चेहरा पाडला, मग दिलं कोटेशन: ५४,८००.

टक्स, तुमचंही वाया गेलं नाही. २०१७ चं यंत्र लिनक्स करून पुढच्या टेबलावर ठेवायचं म्हणतोय. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह आधी तिथे लावायचा, फाइल बघायची, मगच आत घ्यायची. विंडोजचे व्हायरस त्यावर सहसा चालत नाहीत असं ऐकतो. आणि त्याच्याच पोटात जुनं विंडोज, डोंगल आणि वीस वर्षांच्या फाइली. ८ जीबी रॅममध्ये हे दोन्ही मावेल का? ४ जीबी आतल्या विंडोजला द्यायची का २ पुरेल? पेजमेकरला तर त्या काळी २५६ एमबीसुद्धा चैन वाटायची.

टक्स_कर्वेनगर

पेजमेकर आणि लिपीला २ पुरेल, त्यापेक्षा जास्त नका देऊ. फक्त एक ऐका. आधी जुन्या डिस्कचा पूर्ण क्लोन (हुबेहूब प्रत) काढा, वेगळ्या डिस्कवर, आणि तो उघडून खात्री करा. लिनक्स त्यानंतर. पेन ड्राइव्हच्या बाबतीत, फाइल तिथे निमूट पडून असली तरी विंडोजवर जाऊन उठू शकते, तेव्हा पीडीएफ आणि चित्रं एवढंच आत न्या. आणि तुमचा लेझर प्रिंटर कुठला ते सांगा. काही जुन्या मॉडेलांचा लिनक्सवर ड्रायव्हर बसवताना घाम फुटतो.

जुळारी_नारायणपेठ

२००८ चा आहे, झाकण सेलोटेपने चिकटवलेलं. मॉडेल नंबर पुसलाय. उद्या उलटा करून बघतो.