शब्दचर्चा: प्लेऑफला ‘बाद फेरी’ म्हणावं का?

मांजरा
शाळा-कॉलेजच्या बास्केटबॉल खेळाडूंसाठी एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या प्लेऑफवर (साखळीनंतर विजेतेपदासाठी होणाऱ्या सामन्यांवर) मराठीत टिपणं लिहायची आहेत. वर्तमानपत्रांत प्लेऑफला सरसकट ‘बाद फेरी’ म्हणतात. आपल्याकडच्या पोरांना बाद पद्धत म्हटलं की तालुका, जिल्हा, विभाग अशी शालेय स्पर्धेची भाग्यपत्रिका (सामन्यांचा तक्ता) आठवते. एक सामना हरला की बॅग भरायची आणि संध्याकाळची एसटी धरायची. एनबीएत तसं नसतं, मग शब्द कोणता वापरावा? सोबत बेस्ट ऑफ सेव्हन, सीड, होम कोर्ट, स्वीप, बझर बीटर यांचंही सांगा. कोर्टावर बोलतात ते शब्द चालतील, मुद्दाम घडवलेले नकोत.

गोदाकाठ
‘बाद फेरी’ नकोच. ८२ सामन्यांची साखळी संपली की पूर्व आणि पश्चिम विभागातून आठ-आठ संघ प्लेऑफला येतात. फेऱ्या चार. प्रत्येक फेरीत तेच दोन संघ समोरासमोर, आधी चार सामने जिंकेल तो पुढं. एकूण मालिका १५, म्हणजे अख्खे प्लेऑफ कमीत कमी ६० आणि जास्तीत जास्त १०५ सामन्यांचे, एप्रिलच्या मध्यापासून थेट जूनपर्यंत.

२०२३ चं मायामी बघा. प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठी सातव्या ते दहाव्या संघांत प्ले-इन होतं, त्यात ते अटलांटाकडून हरलं. पण सातव्या-आठव्यातला हरलेला संघ आणि नवव्या-दहाव्यातला जिंकलेला संघ यांच्यात आठव्या जागेसाठी आणखी एक सामना होतो. त्यात शिकागोला हरवून मायामी आत आलं. पुढं पूर्वेत पहिल्या आलेल्या मिलवॉकीला ४-१, न्यूयॉर्कला ४-२, बॉस्टनला ४-३. फायनलला पोचेपर्यंत प्ले-इन धरून सात पराभव झाले होते. ‘बाद फेरी’ वाचणाऱ्या पोराला हे गणित कळणारच नाही. फायनलमध्ये डेन्व्हरनं ४-१ नं हरवलं, तो भाग वेगळा.

बालाघाट
गोदाकाठ, ‘बाद’ एवढ्यात टाकून देऊ नका. मालिका हरलेला संघ घरी जातोच की. घोटाळा होतो तो ‘बाद’ला सामना चिकटवल्यामुळं. ‘बाद मालिका’ म्हणा, भागलं. खरा बाद सामना प्ले-इनमधला नवव्या-दहाव्याचा. तिथं हरला तो संपला, दुसरी संधी नाही. तो शब्द तिथं राखून ठेवावा.

‘प्लेऑफ’ मात्र आहे तसाच लिहावा. २०११ पासून आयपीएलनं तो गावागावात नेलाय. अडचण एकच, तिथले प्लेऑफ चार सामन्यांत आटोपतात. म्हणून टिपणात पहिल्यांदा शब्द येईल तिथं ‘सोळा संघ, चार फेऱ्या, सातांत चार’ एवढं जोडा.

‘सातांत चार’ हेच बेस्ट ऑफ सेव्हनसाठी पुरेसं आहे. आकडा बदलला तरी चालतं. २००२ पर्यंत एनबीएची पहिली फेरी पाचांत तीन होती, २००३ पासून सातांत चार झाली. बायकांच्या डब्ल्यूएनबीएत पहिली फेरी तीनांत दोन असते.

सीडला ‘मानांकन’ म्हणतात, पण तो टेनिसचा शब्द. तिथं स्पर्धेच्या आधी क्रमवारी बघून देतात. इथं साखळीत घाम गाळून मिळवलेला क्रमांक असतो. ‘पूर्वेतला आठवा’ लिहिलं तरी सगळ्यांना कळतं.

तेरणा
होम कोर्टसाठी ‘घरच्या मैदानाचा फायदा’ लिहितात, पण फायदा नेमका कशाचा हे त्यात येत नाही. मालिका २-२-१-१-१ अशी चालते. वरच्या क्रमांकाच्या संघाच्या घरी पहिला, दुसरा, पाचवा, सातवा; दुसऱ्याच्या घरी तिसरा, चौथा, सहावा. चार विरुद्ध तीन. म्हणून मी ‘घरचा जादा सामना’ म्हणेन.

‘होम कोर्ट हिसकावलं’ हे पण यातूनच समजतं. खालच्या संघानं पहिल्या दोनांतला एक जिंकला की त्याला आता फक्त आपल्या घरचे तिन्ही जिंकायचे असतात. १ आणि ३ मिळून चार. टिपणात हे गणित जरूर द्या, नाहीतर दुसऱ्या सामन्यानंतर १-१ असताना एका शहरात आनंद आणि दुसऱ्यात चिंता कामून आहे हे कळत नाही. जुन्या मालिकांबद्दल लिहिताना जपा: १९८५ ते २०१३ फायनल २-३-२ अशी होती. आणि २०२० ला कोविडमुळं सगळे सामने ओरलँडोत बंदिस्त झाले, तेव्हा घर कुणालाच नव्हतं.

स्वीपला छापील शब्द ‘निर्भेळ यश’. कोर्टावर ‘चार-शून्य’ म्हणतात, तेच लिहा.

मांजरा
हे कामाचं झालं. अजून एक अडलंय. प्लेऑफमध्ये एकाच बचावपटूला हुडकून त्याच्यावरच हल्ले करतात, त्याला काय म्हणावं? ‘कच्चं लिंबू’ सुचलं होतं.

गोदाकाठ
‘कच्चं लिंबू’ उलटं पडेल. गल्लीतल्या खेळात कच्च्या लिंबावर राज्य येत नाही, त्याला सगळे सांभाळून घेतात. इथं सगळे त्याच्याच मागं लागतात. कबड्डीतला ‘कच्चा गडी’ बसतो. ‘कच्चा गडी हेरणं’ म्हणा.

कसं चालतं तेही लिहा, कारण प्लेऑफ आणि साखळी यांतला खरा फरक इथं आहे. साखळीत आज एक संघ, परवा दुसरा. प्लेऑफमध्ये तोच संघ चार ते सात वेळा समोर, त्यामुळं पहिल्या सामन्यातली उणीव दुसऱ्यात सापडते. समजा कच्चा गडी कोपऱ्यातल्या साध्या खेळाडूला धरून उभा आहे. हल्ला करणारे त्याच साध्या खेळाडूला वर बोलावतात आणि स्क्रीन लावायला, म्हणजे हुकमी खेळाडूच्या बचावपटूची वाट अडवून उभं राहायला सांगतात. बचाव करणाऱ्यांनी धरलेले गडी आपसांत बदलले की कच्चा गडी थेट त्यांच्या हुकमी खेळाडूसमोर येतो. मग बाकीचे चौघं बाजूला सरकतात, मधली जागा मोकळी.

उपाय दोन. एक, स्क्रीन लागायच्या आधीच दुसऱ्या बचावपटूनं कच्च्या गड्याशी जागा बदलायची. दोन, कच्च्या गड्यानं क्षणभर पुढं येऊन वाट अडवायची आणि लगेच आपल्या माणसाकडं पळायचं. दोन्हींत चूक एकाच ठिकाणी होते: बदल अर्धवट राहतो आणि कोपऱ्यातला शूटर मोकळा सुटतो. एनबीएची तीन गुणांची रेष समोरून ७.२४ मीटरवर, पण कोपऱ्यात ६.७१ वर. जवळची आणि मोकळी, म्हणून ती चूक फार महागात पडते. आपल्या पोरांना सांगताना फिबाची (जागतिक बास्केटबॉल संघटनेची) समोरची रेष ६.७५ आहे हे विसरू नका, नाहीतर ती एनबीएचं माप इथं लावतील.

बालाघाट
बझर बीटरसाठी ‘भोंग्यावरची बास्केट’. भोंगा सगळ्यांना माहीत आहे. फक्त एक गैरसमज काढा. चेंडू भोंग्याच्या आधी रिंगमधून जायला पाहिजे असं पोरांना वाटतं. बोर्डाच्या कडेचा लाल दिवा लागायच्या आत चेंडू हातातून सुटला पाहिजे, एवढाच नियम.

यासाठी १२ मे २०१९ चा टोरोंटो-फिलाडेल्फिया सातवा सामना दाखवा. ९०-९०, शेवटचे ४.२ सेकंद. कावाय लेनर्ड चेंडू घेऊन कोपऱ्यापर्यंत पळतो, जोएल एम्बीडच्या उंच हातावरून शॉट सोडतो. चेंडू हवेत असतानाच वेळ संपते. तो रिंगच्या कडेवर आदळून वर उडतो, परत कडेवर, असे चार टप्पे घेतो. तोवर लेनर्ड तिथंच खाली बसून बघतोय. चौथ्या टप्प्यानंतर चेंडू आत. ९२-९०. त्याच वर्षी टोरोंटोनं विजेतेपद घेतलं.

पुढचा बारकावा असा, की चेंडू बाहेरून कोर्टात टाकताना घड्याळात ०.३ सेकंदापेक्षा कमी उरलं असेल तर झेलून शॉट मारता येत नाही, नुसती थाप मारून ढकलता येतो. शालेय सामन्यांत यावरून लई वाद होतात.

तेरणा
चाहत्यांबद्दल लिहिणार असाल तर ‘कट्टर’ आणि ‘निष्ठावंत’ हे दोन शब्द एकच समजू नका. कट्टर चाहता समोरच्याशी भांडतो. निष्ठावंत चाहता संघ हरत असतानाही टिकून राहतो. सॅक्रामेंटोचा संघ सलग १६ मोसम प्लेऑफबाहेर होता, २०२३ ला आत आला. त्या सगळ्या काळात हॉलमध्ये येत राहिले ते निष्ठावंत. जिंकणाऱ्या संघाची जर्सी दरवर्षी बदलणाऱ्यांना आपल्या भाषेत तयार म्हण आहे: खोबरं तिकडं चांगभलं.

आणि एक विनंती. अशा काळाला ‘विजेतेपदाचा दुष्काळ’ म्हणतात. २०१६ ला क्लीव्हलँड जिंकलं तेव्हा ‘५२ वर्षांचा दुष्काळ संपला’ असं छापून आलं, कारण त्या शहरानं १९६४ नंतर मोठ्या खेळातलं विजेतेपद पाहिलं नव्हतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. मराठवाड्यातल्या पोरांसाठी लिहिताना हा शब्द खेळासाठी वापरू नये असं मला मनापासून वाटतं. ‘प्रतीक्षा’ लिहा, काही बिघडत नाही.

गोदाकाठ
पटलं. क्लीव्हलँडचं उदाहरण मात्र घ्याच. फायनलमध्ये गोल्डन स्टेटविरुद्ध १-३ अशी पिछाडी, त्यानंतर सलग तीन विजय, सातवा सामना ९३-८९, तोही परक्या कोर्टावर. ‘पिछाडी’ हा शब्द मालिकेला लावताना ‘मालिकेत पिछाडी’ असं पूर्ण लिहा, नाहीतर वाचणारा ती गुणांची समजतो.

मांजरा
तारखांचं काय करावं? तो सामना कुठं १९ जूनला दिलाय, कुठं २० जूनला.

तेरणा
दोन्ही बरोबर. अमेरिकेत रविवार १९ जूनची रात्र, आपल्याकडं सोमवार २० जूनची सकाळ. प्लेऑफच्या महिन्यांत न्यूयॉर्कची वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं असते. तिथं रात्री साडेआठ म्हणजे आपल्याकडं दुसऱ्या दिवशी सकाळी सहा. पश्चिम किनाऱ्यावरचे सामने बहुतेक आपल्या सकाळी साडेसातला सुरू होतात, म्हणजे ऐन शाळेच्या वेळेत. टिपणात भारतीय तारीख द्या आणि पुढं ‘सकाळी’ हा शब्द जोडा. निकाल मथळ्यात घालू नका. सकाळी शाळेत गेलेलं पोरगं संध्याकाळी सामना बघतं, त्याला शेवट आधीच कळायला नको.