ग्रंथालयाच्या कोहातून मेल बाहेर जात नाहीत, रिले कसा लावावा?

पुस्तकखूण: नमस्कार. तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. उबुंटूच्या एका मशीनवर कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर चालवतो. पुस्तक परत करायची तारीख जवळ आली की विद्यार्थ्याला मेल जावा, एवढंच हवंय. दिवसाला साठ-सत्तर मेल. मेल पाठवायला पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर टाकला, पण लॉगमध्ये प्रत्येक मेलपुढे 'कनेक्शन टाइम्ड आउट' दिसतं. बजेट शून्य, खरंच शून्य. ग्रंथालयाचं फुकटचं जीमेल खातं आहे. कॉलेजचं डोमेन आहे, पण त्याचा डीएनएस (डोमेनच्या नोंदी) वेबसाइट करणाऱ्याकडे आणि तो फोन उचलत नाही. नेट दिवसातून दोनतीनदा जातं. काय लावू?

ढगफुटी: अॅमेझॉन एसईएस ही मेल पाठवायची सेवा घ्या. मुंबई रीजन आहे, हजार मेलला १० सेंट, म्हणजे तुम्हाला महिन्याला चहाचेही पैसे पडणार नाहीत. आमच्याकडे तीन वर्षं चाललंय, एकदाही हात लावावा लागला नाही.

कोकणकडा: @ढगफुटी, ते शून्य म्हणतायत. कार्ड कोणाचं टाकायचं, प्राचार्यांचं? शिवाय नव्या खात्याला आधी सँडबॉक्स, म्हणजे चाचणीपुरती मर्यादित परवानगी मिळते. दिवसाला २०० मेल, तेही फक्त पडताळलेल्या पत्त्यांवर. त्यातून बाहेर पडायला अर्ज करावा लागतो.

ढगफुटी: अर्ज एका दिवसात मंजूर झाला होता आमचा.

रात्रपाळी: स्वतःचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) आणि स्वतःचा मेल सर्व्हर. दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं? मी दोन महिने घालवून उभा केला. एसपीएफ, डीकेआयएम, रिव्हर्स डीएनएस, मेल खरा आहे हे पटवणाऱ्या सगळ्या नोंदी. आता काही मेल स्पॅममध्ये जातात ते सोडा, पण सर्व्हर माझा आहे.

तांबडाफुटला: मूळ प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नाही. पोस्टफिक्स थेट समोरच्याच्या सर्व्हरकडे पोर्ट २५ वर जायला बघतंय आणि तुमचा नेटवाला ते पोर्ट बाहेर जाऊ देत नाही. बहुतेक ठिकाणी हेच असतं. मेल जीमेलच्या हाती सोपवा, यालाच रिले म्हणतात:

पोस्टफिक्सच्या मेन.सीएफ फाइलमध्ये रिलेहोस्ट म्हणून जीमेलचा एसएमटीपी (मेल पाठवणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता चौकटी कंसात आणि पुढे पोर्ट ५८७. कंस विसरू नका, नाहीतर पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स, म्हणजे येणारे मेल घेणारा सर्व्हर, शोधत बसतं. सॅसल ऑथ (खातं-पासवर्डने लॉगिन) चालू, टीएलएस (सुरक्षित कनेक्शन) 'एन्क्रिप्ट'वर. खातं आणि पासवर्ड सॅसल_पासवर्ड फाइलमध्ये, मग तिच्यावर पोस्टमॅप चालवा, त्यातून दुसरी .डीबी फाइल बनते, आणि दोन्ही फाइलींना ६०० परवानगी (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी).

नेहमीचा पासवर्ड चालणार नाही. मे २०२२ पासून गूगलने ते बंद केलंय. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा आणि १६ अक्षरी अॅप पासवर्ड काढा. फुकटच्या खात्याला दिवसाला ५०० पर्यंत जातात, तुम्हाला पुरून उरतील.

शेंगदाणा: जीमेल रिले करा, मी पण तेच केलंय. पण ५८७ नको, ४६५ लावा.

तांबडाफुटला: ४६५ लावलं तर पोस्टफिक्सला रॅपरमोड (सुरुवातीपासूनच टीएलएस) वेगळा सांगावा लागतो. ५८७ वर काही बिघडत नाही.

शेंगदाणा: आरएफसी ८३१४ हा इंटरनेट मानकांचा दस्तऐवज वाचा, २०१८ चा. पहिल्या क्षणापासून टीएलएस, हीच शिफारस आहे.

तांबडाफुटला: वाचलाय. त्यांना आज मेल पाठवायचाय.

वाळवण: व्हॉट्सॅपवर ग्रुप का नाही करत? मुलं मेल उघडतच नाहीत.

पुस्तकखूण: कोणाकडे कोणतं पुस्तक थकलंय हे सगळ्यांसमोर नको आहे मला. मेलच हवा.

भोवरा: एक कळकळीचं सांगतो. मी घाईत पोस्टफिक्सच्या मायनेटवर्क्समध्ये (कोणाचे मेल पुढे न्यायचे ती यादी) सगळं जग उघडं ठेवलं होतं. दोन रात्रींत हजारो परक्यांचे मेल आमच्या मशीनमधून गेले आणि आमचा आयपी काळ्या यादीत. मायनेटवर्क्स १२७.०.०.०/८, इंटरफेस लूपबॅक-ओन्ली, म्हणजे फक्त हेच मशीन. पोर्ट २५ राउटरवर फॉरवर्ड करू नका. बाकी काही ऐकू नका, पण एवढं ऐका.

कोकणकडा: अजून एक. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की अॅप पासवर्ड रद्द होतो. आमच्या ऑफिसात कोणीतरी बदलला आणि तीन आठवडे एकही मेल गेला नाही. कोणाच्या लक्षातच आलं नाही.

जाईजुई: एवढा खटाटोप कशाला? कोहा २०.११ पासून अॅडमिनिस्ट्रेशनमध्येच एसएमटीपी सर्व्हर भरता येतो. पोस्टफिक्स काढून टाका. आमच्याकडे असंच आहे.

ढगफुटी: हे बरोबर. +१

तांबडाफुटला: कोहातच सोय असेल तर मीही तेच म्हणेन. पोस्टफिक्स सांभाळणं त्यांचं काम नाही.

रात्रपाळी: +१, नको असेल व्हीपीएस तर हेच.

पुस्तकखूण: सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी बसलो. आधी 'नो मेकॅनिझम अव्हेलेबल' आलं, लिबसॅसल२-मॉड्यूल्स टाकल्यावर गेलं. टर्मिनलवरून चाचणीचा मेल पोचला, पण कोहाचे मेल 'पेंडिंग'च. दोन तास गेल्यावर कळलं की कोहा-ईमेल-एनेबल ही आज्ञा आपल्या ग्रंथालयाच्या नावाने द्यावी लागते. ती दिली आणि पंधरा मिनिटांत रांग हलली. कोणाला हीच अडचण असेल तर आधी हे बघा.

जाईजुई, तुमचा मार्ग सोपा आहे, पण मी पोस्टफिक्सच ठेवतोय. कोहाने थेट पाठवताना नेट गेलेलं असलं तर तो मेल 'फेल्ड' होतो आणि आपोआप पुन्हा जात नाही. रोज कोण बघत बसणार? पोस्टफिक्स पाच दिवस धरून ठेवतं. आज दुपारी नेट गेलं तेव्हा मेलक्यूमध्ये (पोस्टफिक्सच्या रांगेत) ४१ मेल अडकले होते. नेट आल्यावर पोस्टक्यू -एफ ही रांग लगेच पाठवायची आज्ञा दिली, पाच मिनिटांत रांग रिकामी.

जाईजुई: आमच्याकडे कधी फेल झालेलं नाही.

पुस्तकखूण: तुमच्याकडे नेट चांगलं असेल. @भोवरा, मायनेटवर्क्स तुम्ही सांगितलंय तसंच ठेवलंय. दोन टप्प्यांच्या पडताळणीला मात्र निवृत्त झालेल्या लिपिकांचा नंबर आहे, उद्या त्यांच्या घरी जाऊन तो बदलून घेतो.