सोलापुरात सेन्सर लावायचेच तर आधी पाण्याच्या लाइनवर लावा

(शहराच्या दोन भागांतले रहिवासी आणि पाण्याच्या लाइनवर काम करणारा एक माणूस यांची चर्चा)

जुळे सोलापूर: २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आपण होतो. मार्च २०२५ ला योजना संपली. उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून आणायचं आणि शहरात शिरल्यावर ते कुठं मुरतं याचा पत्ता नाही, हे मला पटत नाही. प्रत्येक टाकीच्या आउटलेटला फ्लो मीटर आणि झोनच्या शेवटच्या टोकाला प्रेशर सेन्सर लावा. एवढे आकडे पाठवायला लोरावॅन, म्हणजे कमी बॅटरीत लांबवर थोडे आकडे पाठवणारं वायरलेस, पुरतं. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना आहे, सिमकार्ड लागत नाही, बॅटरी काही वर्षं चालते.

भवानी पेठ: पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला विचारा की ओ. कुठल्या बोळात पाणी चढत नाही ते त्याला तोंडपाठ आहे. गळकी लाइन बदलायला पैसे नाहीत म्हणतात, आणि तुम्ही मीटर लावताय! कित्येक घरं नळाला थेट मोटर जोडतात, त्यावर सेन्सर काय करणार?

लाइनवरचा माणूस: मुळात अडचण वेगळीच आहे. रात्री वापर थांबल्यावरही किती पाणी वाहतं, त्या किमान प्रवाहावरून गळती ओळखायची पद्धत चोवीस तास पाणी असलेल्या शहरांची. इथं पाणी काही दिवसांआड सुटतं. सुटल्यावर आधी हवा येते, ती हवासुद्धा फिरतं मीटर फिरवते. अर्ध्या भरलेल्या पाइपात ध्वनिलहरींवर चालणारं अल्ट्रासॉनिक मीटरही चुकतं. शिवाय लोखंडी झाकणाखाली सिग्नल दबतो, अँटेना वर काढावीच लागते.

जुळे सोलापूर: बरोबर, म्हणून पाणी सोडण्याच्या दर पाळीची तुलना करायची. पहिली वीस मिनिटं सोडून द्या. तोच झोन, तेवढंच पाणी सोडलंय आणि टोकाचा दाब पाळीमागून पाळी उतरतोय, तर मध्ये काहीतरी फुटलंय. मोटरीचंही तेच. एखाद्या गल्लीत मोटरींनी ओढून दाब शून्याखाली गेला की गळक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. हे चावीवाल्याला वरून दिसत नाही, आणि पोरं आजारी पडतात ती यानंही.

भवानी पेठ: गटाराचा मुद्दा मान्य. पण आकडा कंट्रोल रूमच्या भिंतीवर दिसून उपयोग काय? तो चावीवाल्याच्या मोबाइलवर, मराठीत, पाणी चालू असतानाच आला पाहिजे. आणि टेंडरमध्ये पाच वर्षांची देखभाल, बॅटरी बदलणं, मीटर तपासणं लिहिलेलं नसेल तर माझा विरोध कायम आहे.

लाइनवरचा माणूस: मग एकाच झोनपासून सुरू करा. उन्हाळ्यात, पत्रा तापलेला असताना. तेव्हा टिकलं तर पुढचा झोन.